फिशटँकच्या तळाला काय घालावं: खडे, वाळू की माती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात राहणाऱ्या एका वाचकांनी दोन फुटी टँक घेतलाय, २४ × १२ × १८ इंचाचा. मुलीला गोल्डफिश हवेत, त्यांना स्वतःला टेट्रा आणि कोरीडोरास हे छोटे मासे आणि थोडी खरी झाडं हवीत. दुकानदाराने पांढऱ्या मार्बल चिप्सची दहा किलोची पिशवी गळ्यात मारली आहे. शेजारचे काका म्हणतात, बांधकामावरची वाळू चाळून घाला. व्हिडिओ बघावेत तर जो तो ॲक्वासॉइल म्हणतो, म्हणजे टँकसाठीची तयार विकत मिळणारी माती. मग घालू तरी काय?

मार्बलची पिशवी अजून फोडली नसेल तर फोडू नका. तिच्याकडे शेवटी येतो.

मी गेली बावीस वर्षं टँक लावून देण्याचं आणि सांभाळण्याचं काम करतो. घरं, दवाखाने, एकदोन हॉटेलं. नवीन गिऱ्हाईक भेटलं की तळाबद्दल पहिला प्रश्न रंगाचा असतो. काळा बरा दिसेल का निळा? मी उलट दोन प्रश्न विचारतो. तळाशी कोण राहणार आहे? आणि दर आठवड्याला पाइप घेऊन तो साफ कोण करणार आहे? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की बहुतेक वेळा खडे आपोआप ठरतात.

तुमच्या बाबतीत पहिल्याच प्रश्नावर अडतं. गोल्डफिश आणि टेट्रा एका टँकमध्ये नांदवू नका. गोल्डफिश थंडाव्यातला, बेसुमार खाणारा आणि तितकीच घाण करणारा मासा. टेट्रा २४ ते २७ अंशांत खूश असतो. शिवाय लहान टेट्रा मोठ्या गोल्डफिशच्या तोंडात मावतो, आणि जे मावतं ते गोल्डफिश खातो. झाडांचंही तेच. कोवळं पान दिसलं की कुरतडणार, मुळाशी तोंड घालून रोप उपटणार. तुमचा टँक काठोकाठ भरला तर ८० लिटरच्या आसपास होतो. तळ आणि वरची मोकळी जागा सोडली की प्रत्यक्ष पाणी ६५ ते ७० लिटर. एवढ्यात दोन गुबगुबीत गोल्डफिश, तेही चांगला फिल्टर लावून. किंवा मग टेट्रांचा थवा, सहा कोरीडोरास आणि झाडं. मुलीशी बसून आधी हे ठरवा. दोन्हींचा तळ वेगळा आहे.

आता तळ नेमकं काय काम करतो ते बघू. माशाची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजलं की अमोनिया होतो. एका जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. हे बॅक्टेरिया पाण्यात तरंगत फिरत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात: फिल्टरच्या स्पंजला, काचेला, आणि मोठ्या संख्येने खड्यांना. म्हणून नवीन टँक चार ते सहा आठवडे कच्चा असतो आणि म्हणूनच जुन्या टँकचे खडे नळाखाली खसाखसा धुतले की पुढच्या आठवड्यात मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकायला लागतात. नळातल्या क्लोरीनने वस्ती उठलेली असते.

खड्याचा आकार इथे महत्त्वाचा. बाजारात नखाएवढे, बोराएवढे गुळगुळीत गोटे मिळतात, दिसायला झकास. पण त्यांच्या मधल्या फटीत खाण्याचा दाणा गेला की तो माशाच्याही हाती लागत नाही आणि तुमच्याही. एका दवाखान्यातल्या टँकचं पाणी दर पंधरा दिवसांनी बदलूनही वास मारायचं. मी गेलो, वरून सगळं चकाचक. पाइप गोट्यांत खुपसला तर बादलीत चहासारखं पाणी आलं. रिसेप्शनवरच्या ताई प्रेमाने दिवसातून चार वेळा चिमूट टाकायच्या, आणि ती चिमूट सहा महिने गोट्यांखाली साठत होती. त्या टँकमधून तीन बादल्या गाळ निघाला. खडा २ ते ३ मिलिमीटरचा असेल तर खाणं वरच राहतं, आणि जे आत जातं ते पाइपने निघतं. वाळू त्याहून बारीक, अर्ध्या ते एक मिलिमीटरची, म्हणजे साधारण जाड रव्यासारखी. तिच्यावर घाण नुसती पडून राहते. डोळ्यांना खुपते, पण काढायला सर्वांत सोपी.

गोल्डफिशसाठी आकाराचा आणखी एक हिशेब आहे. हा मासा दिवसभर तळ तोंडात भरतो, चाळतो, थुंकतो. त्याचा उद्योगच तो. वाळू असेल तर कल्ल्यांमधून निघून जाते. पाच-सहा मिलिमीटरचा खडा मात्र घशात बरोबर पाचर मारल्यासारखा बसतो. मासा तोंड उघडं ठेवून कोपऱ्यात उभा राहतो, खात नाही, आणि मालकाला वाटतं आजारी पडला. असा मासा दिसला तर ओल्या हातात धरून डोकं खाली करायचं आणि गळ्याखालून, तोंडाच्या दिशेने अंगठ्याने अगदी हलका दाब द्यायचा. बहुतेक वेळा खडा टपकन बाहेर पडतो. नाही पडला तर चिमटा घेऊन आपण शहाणपणा करू नये, माशांचं काम जाणणाऱ्या पशुवैद्याला दाखवावा. म्हणून गोल्डफिशखाली एक तर बारीक वाळू, नाही तर तोंडात जाणारच नाही एवढा गोटा. मधला आकार नको. आणि तिसरा पर्यायही तितकाच चांगला आहे: काहीच घालू नका. उघडी काच, कोपऱ्यात कुंडीत लावलेलं एखादं झाड. लोकांना ते गरिबीचं वाटतं, पण गोल्डफिशचा टँक स्वच्छ ठेवायला त्याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही.

कोरीडोरास घेणार असाल तर वाद संपला: वाळू. हा छोटा मासा मिशांनी तळ चाचपत चरतो. धारदार खड्यांवर आणि साठलेल्या घाणीत त्या मिशा झिजतात, जंतू लागतात, आणि काही महिन्यांत मिशांच्या जागी नुसते खुंट उरतात. कुहली लोच हा सापासारखा बारीक मासा तर वाळूत शिरूनच झोपतो. आपल्या कोल्हापूरकडच्या नद्यांत सापडणारा पट्टेरी झेब्रा लोच, बोटिया स्ट्रायाटा, हाही तळातलाच. त्यालाही वाळू आणि झिजलेले गोल दगड लागतात. तो पश्चिम घाटाबाहेर कुठेच नाही आणि आता संकटग्रस्त यादीत आहे, त्यामुळे दुकानात स्वस्तात दिसला म्हणून उचलू नका. फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर वगैरे पैलवान मंडळी तळ उकरून डोंगर करतात. त्यांच्या टँकमध्ये मोठे दगड आधी काचेवर टेकवायचे आणि वाळू नंतर ओतायची. वाळूवर ठेवलेला दगड ते खालून पोखरतात आणि तो घरंगळून काचेवर येतो.

आता मार्बल. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. शिंपले, प्रवाळ, चुनखडी, सगळी त्याच कुळातली. माशांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून सौम्य आम्ल तयार होतं, बॅक्टेरियाही अमोनियाचं काम करताना आम्ल सोडतात, आणि हे आम्ल मार्बलला हळूहळू खातं. पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट वाढतं, पाणी जड होतं, पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, चढत चढत ८ च्या वर जातो. तुमच्याकडे धरणाचं, महापालिकेचं पाणी येत असेल तर ते मुळात मऊ असतं, म्हणजे मार्बल जास्तच विरघळणार. बोअरचं पाणी आधीच क्षारांनी भरलेलं असतं, तिथे फरक कमी पडतो. म्हणून एकाच दुकानातली पांढरी खडी बोअरवाल्या बंगल्यात वर्षानुवर्षं काही करत नाही, आणि फ्लॅटवाल्याचे टेट्रा दोन महिन्यांत कोमेजतात. मग दोघं एकमेकांना खोटं ठरवत बसतात.

नुसता पीएच वाढला तर मासे एक वेळ जुळवून घेतात. खरी गोम अमोनियात आहे. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि एक जहरी. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का जहरी रूपात असतो. पीएच ८ झाला की तेच प्रमाण पाच टक्क्यांवर जातं. म्हणजे तेवढीच घाण, तेवढेच मासे, आणि विष दसपट. नवीन कच्च्या टँकमध्ये मार्बल घातला की हे दोन्ही एकदम होतं.

मी हे शिकलो ते मार्बलवर नाही, वाळूवर. कॉलेजात असताना दापोलीला गेलो होतो, हर्णैच्या किनाऱ्यावरून दोन पिशव्या वाळू एसटीत घालून आणली. मीठ जावं म्हणून दहा वेळा धुतली, उन्हात वाळवली, जिभेला लावूनसुद्धा पाहिली. खारट लागली नाही. टँक लावला, निऑन टेट्रा सोडले. रोज एक मासा कमी व्हायचा. औषधं घालून झाली, फिल्टर बदलला, दिवा बदलला. शेवटी ओळखीच्या एका जाणत्या माणसाने चमचाभर वाळू घेऊन तिच्यावर ॲसिडचे चार थेंब टाकले. सोड्यासारखी फसफसली. वाळू म्हणून जी मी आणली होती तिच्यात शिंपल्यांचा चुरा भरपूर होता. मीठ धुऊन जातं, शिंपला कसा जाईल!

तेव्हापासून खडे कुणाचेही असोत, घरी आल्यावर चार परीक्षा होतात.

पहिली हीच, ॲसिडची. घरातला व्हिनेगर चालतो, पण तो सौम्य असतो आणि बारीकसारीक बुडबुडे नजरेतून सुटतात. बाथरूम साफ करायचं ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, जास्त खरं बोलतं. हातमोजे घालून, गॅलरीत, काचेच्या वाटीत (स्टीलच्या नको), आणि जवळपास ब्लीचिंग पावडर नको, कारण दोन्ही मिसळले की विषारी वायू सुटतो. खडे कोरडे हवेत. ओल्या खड्यांतून हवेचे बुडबुडे येतात आणि आपण फसतो. लिंबावर विसंबू नका, त्याने फार मंद फसफसतं. परीक्षा झालेला चमचा टाकून द्यायचा, परत पोत्यात नाही.

दुसरी परीक्षा संथ आहे, पण मला तीच जास्त आवडते. घरच्या आरओचं पाणी एका काचेच्या बरणीत घ्या, टीडीएस पेनने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं यंत्र) मोजा, आकडा बरणीवर लिहा. मूठभर धुतलेले खडे टाका, झाकण सैल ठेवा, आठवडाभर विसरा. शेजारी दुसरी बरणी नुसत्या पाण्याची ठेवा. गेल्या खेपेला मी काळी ग्रिट, म्हणजे काळी भरड वाळू, आणि मार्बल दोन्ही लावले होते. सुरुवातीचा आकडा २८. आठवड्याने ग्रिटच्या बरणीत ३१, मार्बलच्या बरणीत सत्तरीच्या घरात. बरणीत मासे नाहीत, बॅक्टेरिया नाहीत. टँकमध्ये याहून जास्त चढणार.

तिसरी, काळ्या वाळूसाठी: लोहचुंबक फिरवा. आपला दख्खनचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत तर जास्तच. हे कण माशाला काही करत नाहीत, पण पॉवर फिल्टरच्या आतला पंखा चुंबकावर फिरतो. तो असे कण गोळा करतो आणि घरघरायला लागतो. काच पुसायच्या चुंबकी ब्रशमध्ये असा एक कण अडकला की काचेवर जन्माचा ओरखडा. थोडेफार चिकटले तर चालतं, मिशीसारखा गुच्छ लटकला तर दुसरी वाळू बघा.

चौथी रंगाची. रंगीत खडे पांढऱ्या कपात गरम पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी पांढऱ्या फडक्यावर चोळा. पाणी किंवा फडकं रंगलं तर परत करा. निळ्या-गुलाबी खड्यांबद्दल मला सौंदर्यदृष्टीनेही बोलायचं आहे, पण हौसेला मोल नसतं. एवढंच सांगतो की पांढऱ्या किंवा भडक तळावर बहुतेक मासे स्वतःचा रंग फिका करतात, तळाशी मिसळून जाण्यासाठी. तोच निऑन काळ्या तळावर सोडा, दोन दिवसांत त्याची निळी पट्टी पेटल्यासारखी दिसते. महागडे मासे घेऊन पांढऱ्या फरशीवर ठेवण्यापेक्षा साधे मासे काळ्या वाळूवर ठेवा.

काकांच्या सल्ल्याकडे येतो. काकांच्या काळात तो बरोबर होता. तेव्हा बांधकामावर नदीची वाळू यायची, गोल दाण्याची, चाळली की टँकला उत्तम. आता साइटवर जी करडी वाळू दिसते ती बहुतेक ठिकाणी क्रश सँड असते, खाणीतला बेसॉल्ट यंत्रात भरडून केलेली. रासायनिकदृष्ट्या ती निरुपद्रवी आहे, ॲसिडला फसफसत नाही. पण दाणा धारदार, आणि पिठासारखी धूळ एवढी की धुता धुता नाकी नऊ येतात. शिवाय साइटवरच्या ढिगात सिमेंट आणि चुना मिसळलेला असतो, कुत्र्यामांजरांची वहिवाट असते. नको. नदीत उतरून स्वतः वाळू उपसणं हा तर कायद्याचाही प्रश्न आहे.

मी स्वतः गेली अनेक वर्षं वाळू आणतो ती फिशच्या दुकानातून नाही, वॉटर ट्रीटमेंटचं सामान विकणाऱ्याकडून. सोसायट्यांच्या आणि स्विमिंग पूलच्या सँड फिल्टरमध्ये भरायची जी वाळू असते ती धुतलेली, चाळणीने प्रत लावलेली सिलिका वाळू असते, पोत्यात मिळते, आणि किलोमागे दुकानातल्या छोट्या पिशवीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. आपल्याकडे सिंधुदुर्गात, कणकवली तालुक्यातल्या कासार्डे भागात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. मागताना अर्धा ते एक मिलिमीटरची मागा. रंग फिका पिवळसर, नदीसारखा, दाणा गोलसर. नवीन टँकमध्ये काचेवर तपकिरी शेवाळ आलं की लोक सिलिका वाळूला दोष देतात. ते शेवाळ जवळजवळ प्रत्येक नव्या टँकला येतं, उघड्या काचेच्यासुद्धा, आणि टँक मुरला की जातं. काळाच तळ हवा असेल तर दुकानातून झिजलेल्या दाण्याची काळी ग्रिट घ्या, १ ते २ मिलिमीटरची, आणि वरच्या परीक्षा करा. कोरीडोराससाठी दाणा बोटांत चोळून बघा. बोटाला टोचला तर त्याच्या मिशांनाही टोचेल.

किती घ्यायची ते सोपं आहे. लांबी, रुंदी आणि थराची जाडी सेंटिमीटरमध्ये गुणायची, हजाराने भागायचं, लिटर मिळतात. दीडने गुणलं की साधारण किलो. तुमचा टँक ६० × ३० चा. चार सेंटिमीटर वाळू म्हणजे ७.२ लिटर, अकरा किलोच्या आसपास. झाडांसाठी पाच सेंटिमीटर केलं तर नऊ लिटर, साडेतेरा किलो. पाणी, काच, दगड धरून टँक शंभर किलोंच्या घरात जातो, तेव्हा टीव्हीखालचा जुना टेबल त्यासाठी वापरू नका.

जाडीबद्दल लोक दोन टोकं गाठतात. झाडं नसतील तर वाळूचा थर तीन-चार सेंटिमीटरवर न्यायचं कारण नाही. बारीक वाळू खोल असेल तर तळाशी ऑक्सिजन पोहोचत नाही, तिथे वेगळे बॅक्टेरिया वाढतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. काचेतून बघितलं की वाळूत काळे डाग दिसतात. काडी खुपसली की बुडबुडा येतो आणि सडक्या अंड्याचा वास. थोडा वायू निघाला तर वर येताना ऑक्सिजनवाल्या पाण्यात निकामी होतो, घाबरायचं नाही. पण असा जुना काळवंडलेला तळ मासे आत असताना एका दमात ढवळून काढू नका. एका वेळी एक कोपरा, पाइपने ओढून घेत. टोकदार शंखाच्या बारीक गोगलगाई, ज्यांना ट्रम्पेट स्नेल म्हणतात, आपल्या ओढ्यातळ्यांतही असतात. त्या दिवसा वाळूत आणि रात्री काचेवर, फुकटात तळ नांगरतात. लोक त्यांना रोग समजून मारतात. त्या फार वाढल्या तर समजा तुम्ही खाणं जास्त टाकताय. झाडांची मुळंही खाली ऑक्सिजन नेतात, त्यामुळे झाडांच्या टँकमध्ये सहा-सात सेंटिमीटरचा थरही सुरळीत राहतो.

तुमच्या टँकबरोबर दुकानदाराने खाली ठेवायच्या जाळीदार प्लेट्स दिल्या असतील, म्हणजे अंडर-ग्रॅव्हल फिल्टर, तर गणित बदलतं. त्यात पाणी खड्यांमधून खाली ओढलं जातं, खडेच फिल्टर. त्याला ३ ते ५ मिलिमीटरचा खडा, पाच-सहा सेंटिमीटर थर हवा. वाळू घातली तर ती जाळीतून खाली पडते आणि वाट बुजते. माती तर अजिबात नाही. मी स्वतः आता प्लेट्स लावत नाही. स्पंज फिल्टर किंवा मागे लटकणारा फिल्टर लावतो आणि तळाला तळाचं काम करू देतो.

झाडांसाठी ॲक्वासॉइलच हवी का? नाही. ती चांगली वस्तू आहे, भाजलेल्या मातीच्या गोळ्या, झाडांना खत देणारी आणि पाणी मऊ करून पीएच खाली आणणारी. नऊ लिटरची पिशवी तुमच्या टँकला बरोबर पुरते. पण ती धुवायची नसते, पहिले काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडते म्हणून मासे लगेच सोडता येत नाहीत, आणि दोनेक वर्षांत गोळ्यांचा चिखल होऊन परत खर्च. बोअरच्या जड पाण्यात तिची मऊ करायची ताकद लवकर संपते. गालिच्यासारखी बारीक झाडं, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असा थाट करायचा असेल तर घ्या. तुम्ही म्हणता तशी थोडी झाडं असतील तर साधी वाळू पुरते. अनुबियस आणि जावा फर्न तर तळात पुरायचेच नसतात, लाकडाला दोऱ्याने बांधायचे. खोड पुरलं की कुजतं. क्रिप्टोकोरायनी, वॅलिसनेरिया, ॲमेझॉन स्वोर्ड ही मुळांनी खाणारी झाडं. त्यांच्या मुळाशी दोन-तीन महिन्यांनी खताची एक गोळी, रूट टॅब, खुपसायची. झालं.

मातीचा प्रयोग करायची खुमखुमी असेल तर एक गोष्ट नीट ऐका: देशावरची काळी माती वापरू नका. ती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते, पाणी लागल्यावर लोण्यासारखी होते, आणि तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे असतात, म्हणजे फिरून मार्बलचीच कहाणी. कोकणातली जांभ्याची लाल माती मात्र झाडांच्या टँकवाल्यांत जगभर मान मिळवून आहे. जांभ्याला ते लॅटराइट म्हणतात, त्यातल्या लोहासाठी वापरतात, आणि परदेशात त्याची पाकिटं विकली गेली आहेत; आपल्याकडे त्याची घरं बांधतात. खत न घातलेली लाल माती चाळून घ्या, पाण्यात भिजवा, वर तरंगलेला काडीकचरा ओतून द्या, उन्हात सुकवा, असं तीनदा. टँकमध्ये तिचा दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त थर नको, काचेपासून बोटभर आत, आणि वर तीन-चार सेंटिमीटर १ ते २ मिलिमीटरची ग्रिट. गांडूळखत घालायचंच असेल तर चिमटीने. शेणखत नाही. आणि अशा टँकमध्ये झाड उपटून दुसरीकडे लावायचं म्हटलं की पाणी गढूळ झालंच म्हणून समजा. वारंवार मांडणी बदलणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

वाळू धुणं हे काम सांगायला एका ओळीचं आहे आणि करायला एक दुपार खातं. बादलीत तीन-चार किलोच घ्या. पाण्याचा पाइप तळाशी नेऊन सोडा, हाताने तांदूळ धुतो तशी वर-खाली करा, गढूळ पाणी ओता. पहिल्या चार पाण्यांना वाटतं हे कधी संपणारच नाही. दहाव्या-बाराव्या पाण्याला बादलीत हात बुडवल्यावर बोटं स्पष्ट दिसायला लागतात, तिथे थांबा. साबण, डिटर्जंट काही नाही. पाणी गच्चीत किंवा झाडांना घाला. मोरीत ओतलंत तर वाळू ट्रॅपमध्ये बसते आणि प्लंबरचा खर्च वाळूपेक्षा जास्त होतो, हे मी एका गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या बाथरूममध्ये सिद्ध करून दाखवलं आहे. टँकमध्ये मागे थोडी उंच, पुढे उतरती पसरा. पाणी भरताना वाळूवर एक ताटली ठेवा आणि धार तिच्यावर सोडा. तरीही पहिल्या दिवशी धुकं येतं, रात्रीतून बसतं. फिल्टर वाळू बसल्यावरच चालू करा.

पुढे आठवड्याला पाव टँक पाणी बदलताना पाइप खड्यांत असेल तर खुपसायचा, वाळूवर असेल तर बोटभर वरून फिरवायचा. घाण उचलली जाते, वाळू खालीच राहते. एका वेळी अर्धाच तळ, उरलेला पुढच्या आठवड्यात, म्हणजे बॅक्टेरियांची वस्ती शाबूत राहते.

तर तुमच्यासाठी: मुलगी जिंकली तर दोन गोल्डफिश, तळ उघडा किंवा दोन सेंटिमीटर सिलिका वाळू, आणि झाडांच्या नावाखाली लाकडावर बांधलेला अनुबियस, जो गोल्डफिशला सहसा आवडत नाही. तुम्ही जिंकलात तर अकरा-बारा किलो सिलिका वाळू, मागच्या बाजूला पाच सेंटिमीटर, पुढे तीन, मागे वॅलिसनेरिया, मध्ये क्रिप्टोकोरायनी, रूट टॅब. टँक महिनाभर मुरू द्या, मग आधी कोरीडोरास, पंधरा दिवसांनी टेट्रा.

मार्बलची पिशवी दुकानदार परत घेत असेल तर उत्तम. नसेल तर पुढे कधी आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या सिक्लिड माशांचा टँक लावलात तर तिथे ती शोभेल, त्यांना जड आणि अल्कधर्मी पाणीच लागतं. तोवर गॅलरीतल्या कुंड्यांवर पसरा, माती लवकर सुकत नाही. फक्त अनंताच्या कुंडीत टाकू नका. त्यालाही टेट्रासारखंच आम्लधर्मी आवडतं, पानं पिवळी पडतील.